पांढऱ्या नकाशातून गोव्यापर्यंत: पोर्तुगालचा एक पूर्ण डाव

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस फोर’ या गेममधला (संगणकावर एखादं राज्य निवडून ते शतकानुशतकं चालवायचा हा खेळ) पोर्तुगालचा डाव मी पुरा केला. सुरुवात ११ नोव्हेंबर १४४४ ला होते आणि १८२१ च्या जानेवारीत गेम स्वतःच थांबतो. मी तिथपर्यंत गेले. घरच्या कॅलेंडरवर म्हणायचं तर पहिल्या पावसात सुरू केलं आणि दसऱ्याच्या आसपास संपवलं. या गेमला नव्याने बसणारे बहुतेकजण वसाहतींपाशी अडतात. लढाई समजते, करसुद्धा समजतात, पण समुद्रापलीकडे माणसं पाठवून वर्षानुवर्षं वाट बघायची हे समजत नाही. मराठीत याबद्दल सलग लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. मी फोंड्याची. इथे बसून पोर्तुगालच्या बाजूने खेळताना मनात जे आलं तेही लिहिणार आहे, कारण माझ्यासाठी ते खेळाचाच भाग होतं.

आधी खर्चाचं. मूळ गेम २०१३ चा आहे आणि त्यानंतर त्याच्यावर विस्तारांची रास चढलेली आहे. सगळे सुटे विकत घ्यायला गेलात तर रक्कम बरीच होते. २०२१ पासून सगळे विस्तार महिन्याच्या वर्गणीवर मिळतात. एकच मोठा डाव खेळून बघायचा असेल तर तेच परवडतं. मी पावसाळ्यापुरती वर्गणी घेतली. बँकेने पहिल्यांदा व्यवहार नाकारला, कारण दरमहा आपोआप पैसे वळते होण्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते. ती आधीच देऊन ठेवा. मूळ गेम विकत घेणार असाल तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचे दोन तास व्हायच्या आत पैसे परत मागता येतात. या गेमचे दोन तास नुसते पडदे ओळखण्यात जातात, तेव्हा तो निर्णय लवकर घ्यावा लागतो.

पोर्तुगाल निवडला आणि नकाशा लांब ओढला तर बहुतेक जग पांढरं दिसतं. गेममध्ये त्याला टेरा इन्कॉग्निटा म्हणतात: तुमच्या राज्याला माहीत नसलेला भाग. युरोप दिसतो, उत्तर आफ्रिका दिसते, मदैरा आणि अझोर्स बेटं तुमच्याच ताब्यात असतात, १४१५ मध्ये घेतलेलं सेउता असतं. हिंदुस्थान दिसत नाही. मी पहिल्याच दिवशी नकाशा उजवीकडे सरकवत नेला आणि कोकणपट्टी जिथे असायला हवी तिथे थांबले. सपाट पांढरं. आपलं गाव कुणाच्या तरी नकाशात अजून आलेलंच नाही, हे बघून खरं तर बरं वाटलं. गेममधली पुढची कित्येक वर्षं ते तसंच राहिलं.

सुरुवातीला वसाहत करताच येत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. लागतात त्या गोष्टी अशा: प्रशासनाच्या तंत्रज्ञानाची पाचवी पायरी गाठली की पहिला आयडिया ग्रुप (राज्याला नव्या क्षमता देणारा कल्पनांचा गट) उघडतो. तिथे एक्स्प्लोरेशन निवडायचा. तो डिप्लोमॅटिक पॉइंटांवर चालतो, आणि त्यातल्या एकेका आयडियाला साधारण ४०० पॉइंट पडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून डिप्लोमॅटिक पॉइंट जपायचे आणि परवडेल तितका चांगला सल्लागार त्याच खात्यावर ठेवायचा. मधल्या काळात मी कास्तीलशी (आजच्या स्पेनमधलं शेजारचं मोठं राज्य) भांडण होऊ दिलं नाही. इंग्लंडशी युती सुरुवातीपासूनच असते (१३८६ चा विंडसरचा तह गेमने तसाच ठेवला आहे). तिला धक्का लावला नाही. शेजारी मोठा आणि आपण लहान असताना ती युती मोलाची आहे. बाकी ही वर्षं संथ जातात. वेगाचे पाच टप्पे आहेत, चौथ्यावर ठेवून चहा घ्यायला हरकत नाही.

माझ्या डावात एक्सप्लोरर, म्हणजे शोधक, नेमला तो १४६७ च्या सुमाराला. त्याला एका ताफ्यावर बसवायचं आणि पांढऱ्या समुद्राकडे धाडायचं. इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. आपल्या बंदरापासून जहाजं जितकी लांब आणि जितका वेळ राहतात तितकी ती झिजतात. म्हणून आधी जवळचा किनारा, मग परत बंदर, दुरुस्ती, मग पुढचा टप्पा. एका दमात केप ऑफ गुड होप गाठायला जाऊ नका. ताफा शोधकासकट बुडतो आणि नवा शोधक पुन्हा पॉइंट खातो.

पहिली वसाहत केप व्हर्दे. शोध लागला म्हणून तिथे माणसं पाठवता येतातच असं नाही. कॉलोनियल रेंज नावाचं अंतर असतं, ते आपल्या बंदरापासून मोजलं जातं आणि डिप्लोमॅटिक तंत्रज्ञानाबरोबर वाढतं. केप व्हर्दे पल्ल्यात होतं. कॉलनिस्ट (वसाहत वसवणारा माणूस) पाठवायचं बटण दाबलं की तो कोणत्या तारखेला पोहोचेल हे दिसतं. पोहोचला की मोजकी माणसं उतरतात आणि आकडा १००० कडे सरकू लागतो. १००० झाले की तो पूर्ण प्रांत होतो. वाढ दोन वाटांनी होते: एक वर्षाची ठरलेली वाढ, आणि दुसरी म्हणजे कॉलनिस्ट तिथे बसून असेल तोवर दर महिन्याला काही जादा माणसं येण्याची शक्यता. उष्ण दमट हवा किंवा बर्फाळ प्रदेश असेल तर वाढ मंदावते. केप व्हर्देला मला आठेक वर्षं लागली. फोंड्याच्या कुळागरात माड लावण्यासारखंच हे: पाणी घालत राहायचं आणि तोडणीचा हिशेब मांडायचा नाही.

पैसे मात्र पहिल्या महिन्यापासून जातात. एका वसाहतीला महिन्याला दोनेक डुकाट (गेममधलं नाणं). सगळ्या राज्याचं उत्पन्न दहाच्या आसपास असताना हे दोन डुकाट चांगलेच जाणवतात. कॉलनिस्टपेक्षा जास्त वसाहती एका वेळी चालवल्या तर खर्च सरळ वाढत नाही, उडी मारतो. कॉलनिस्टला अर्ध्यातून उठवून दुसरीकडे नेता येतं, मागची वसाहत हळूहळू वाढत राहते, पण तिचा खर्चही चालू राहतो. मी उत्पन्न पंधराच्या वर जाईपर्यंत एकच वसाहत ठेवली. कर्ज काढून दोन चालवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं जमतंही. मला महिनाअखेरीस खजिन्याचा आकडा लाल बघायला आवडत नाही.

आणखी एक सोय: संदेशांच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉलनिस्ट पोहोचला’ आणि ‘वसाहत पूर्ण झाली’ हे दोन संदेश असे करून ठेवा की ते आले की गेम आपोआप थांबेल. नाहीतर कॉलनिस्ट वर्षभर रिकामा बसतो आणि कळत नाही.

आता त्या जमिनीबद्दल. वसाहत करता येण्याजोगा प्रांत नकाशावर कुणाच्याच रंगाचा नसतो, फिकट असतो. पण त्यावर क्लिक केलं की मूळ रहिवाशांची संख्या दिसते: कुठे हजार, कुठे तीन हजार, कुठे त्याहून जास्त. शेजारी ते किती आक्रमक आणि किती कडवे याचे आकडे. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा पहिला प्रांत उघडला तेव्हा मी गेम थांबवून बराच वेळ तो चौकोन बघत होते. त्यात एक बटण असतं, फौज नेऊन या लोकांवर हल्ला करायचं. कित्येक मार्गदर्शनपर व्हिडिओ सांगतात की आधी ते दाबा, मग उठावांची कटकट नाही. मी ते संपूर्ण डावात दाबलं नाही. हे खेळाच्या नियमांतही बसतं, तोटा होत नाही. मूळ रहिवाशांसाठी तीन धोरणं असतात. दडपशाहीत वस्ती लवकर वाढते. सहजीवनात उठाव होत नाहीत. व्यापाराच्या धोरणात उठाव कमी होतात आणि वसाहत पुरी झाल्यावर जास्त लोक तिच्यात सामावले जातात, ज्याने त्या प्रांताचं उत्पादन वाढतं. मी सहजीवन निवडलं. वसाहती उशिरा पुऱ्या झाल्या, पण फौज जागोजागी बसवून ठेवावी लागली नाही आणि तो पगार वाचला. दुसरं धोरण घेणार असाल तर तीन हजारांच्या प्रांताला निदान तीन पलटणी हव्यात हे ध्यानात ठेवा.

१४९४ चा तोर्देसिल्यासचा तह आपण शाळेत वाचलेला असतो: केप व्हर्देच्या पश्चिमेला ३७० लीगांवर रेषा, अलीकडचं पोर्तुगालचं, पलीकडचं कास्तीलचं. गेममध्ये रेषा नाही, विभाग आहेत. एखाद्या विभागात जो कॅथलिक देश आधी पाय रोवेल आणि ज्याचे पोपशी संबंध बरे असतील त्याला तो विभाग बहाल होतो. मग दुसऱ्या कॅथलिक देशाने तिथे वसाहत केली तर त्याची वाढ मंदावते आणि संबंध बिघडतात. म्हणून ब्राझीलकडे निघण्याच्या काही वर्षं आधीपासून एक वकील पोपच्या दरबारी ठेवून द्यावा. माझ्या डावात ब्राझीलमधला पाचवा प्रांत १५१९ ला झाला आणि त्याचबरोबर तिथे वेगळं वसाहत-राज्य उभं राहिलं: स्वतःची फौज, स्वतःचा खजिना, आपल्याला जकात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, घाबरायचं नाही. त्यानंतर ते स्वतःच पुढच्या वसाहती करत सुटतं आणि आपला कॉलनिस्ट मोकळा होतो. मी तो पूर्वेकडे वळवला.

केप ऑफ गुड होप मला १४८४ मध्ये दिसलं होतं. बार्तोलोमेउ दियश ते वळसा घालून गेला १४८८ ला, म्हणजे मी थोडी पुढे होते. पण तिथे तळ उभा राहायला पुढची वीस वर्षं गेली. मग पूर्व आफ्रिकेचा किनारा, आणि एके रात्री, वादळात वीज जाऊन येऊन झाल्यावर, ताफा अरबी समुद्रात शिरला आणि पांढऱ्या कागदावर कोकण उमटायला लागलं. आयर्नमॅन पद्धतीत खेळत असाल तर जतन केलेली प्रत एकच असते, मागे जाता येत नाही. पावसाळ्यात गोव्यात असं खेळणाऱ्याने बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप घ्यावा आणि ढग गडगडले की एकदा मेनूत जाऊन बाहेर पडावं, म्हणजे प्रत नीट बसते.

गोवा प्रांतावर विजयनगरचा रंग होता. १४४४ ला तो त्यांचाच असतो. इतिहासात बहमनींच्या महमूद गवानने १४७२ च्या सुमारास तो घेतला आणि पुढे तो आदिलशाहीकडे गेला, पण माझ्या डावात विजयनगर टिकून होतं. वसाहतीचं एकही यंत्र इथे चालत नाही. इथे राज्य आहे, महसूल आहे, फौज आहे. कॉलनिस्ट पाठवायचं बटणच उमटत नाही. ज्यांनी दोनशे तास अमेरिकेत घालवले आहेत तेही इथे येऊन गोंधळतात. वाटा दोन. एखाद्या आशियाई राज्याकडून किनाऱ्यावरचा प्रांत सनद करून पैशाने घेणे, त्यासाठी ते राज्य आपल्याशी बरं असावं लागतं आणि प्रांत जितका विकसित तितका भाव चढा. किंवा युद्ध. मी मलबारकडचा एक प्रांत विकत घेतला, तिथे जहाजांचा तळ केला, आणि गोवा घ्यायचा की नाही यावर थांबले.

आतेभाऊ म्हणाला, “अगो, पोर्तुगाल खेळतेस आणि गोवा सोडतेस? मग खेळतेस कशाला?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी १५२३ मध्ये युद्ध पुकारलं, विजयनगर उत्तरेकडे गुंतलेलं असताना. फौज जहाजांतून उतरवायची तर जितकी पथकं तितकी वाहतुकीची जहाजं लागतात, आणि उतरण्याआधी समुद्र आपल्या ताब्यात लागतो. उतरवणं ऐन जुलैत झालं. गेममध्ये पावसाळा आहे, पण तो जमिनीवरच्या फौजेची रसद कमी करतो; बंदर बंद पडत नाही. आमच्याकडे त्याच दिवसांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी होती आणि ट्रॉलर किनाऱ्याला बांधलेले होते. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोवा एकदा घेतला, मे महिन्यात इस्माइल आदिलशहाच्या फौजेने त्याला शहराबाहेर काढलं, आणि मग त्याचा ताफा मांडवीच्या तोंडाशी पावसाळाभर अडकून पडला, कारण त्या समुद्रात बाहेर पडता येत नव्हतं. तो परत आला आणि २५ नोव्हेंबरला शहर घेतलं. हा अडकलेला पावसाळा गेममध्ये नाही. तसंच पत्रांचं. पणजीच्या पुराभिलेख खात्यात लिस्बन आणि गोव्यामधल्या पत्रव्यवहाराची बाडं आहेत, मॉन्सूनच्या ताफ्यांबरोबर येणारी जाणारी म्हणून त्याच नावाने ओळखली जातात. वसंतात निघालेलं जहाज सप्टेंबरच्या सुमारास पोहोचायचं, उत्तर वर्ष संपता संपता परतीला लागायचं. एका प्रश्नाचं उत्तर मिळायला दीड वर्ष. गेममध्ये हुकूम त्याच क्षणी लागू होतो. मला वाटतं या गेमने वसाहतींबद्दल जे सगळ्यात जास्त सोपं केलं आहे ते हे.

गोवा माझ्या रंगाचा झाला तेव्हा आनंद झाला नाही, आणि वाईट वाटलं असंही म्हणवत नाही. आजी शेजारी बसली होती. तिने चष्मा लावून विचारलं, “ह्यात आपलं कवळे कुठं?” दाखवता आलं नाही. गेममध्ये गोवा हा अख्खा एकच प्रांत आहे. शांतादुर्गेची मूर्ती केळशीहून जुवारी नदी ओलांडून कवळ्याला आली, मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये प्रियोळला आला, ते यासाठी की नदीच्या अलीकडे अंत्रूजवर, म्हणजे आमच्या फोंडा भागावर, आदिलशाही होती आणि पलीकडे साष्टीत पोर्तुगीज. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन बसलं, ते १८१२ पर्यंत होतं. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला १७६३ ला, बाकीच्या नव्या काबिजादी (त्यांनी नंतर जिंकलेला मुलूख) १७८८ पर्यंत. म्हणजे दोनशे वर्षं आमची देवळं एका नदीच्या भरवशावर उभी होती, आणि ती नदी या नकाशात मावत नाही. खेळणाऱ्याला मात्र एक निर्णय खरोखर करावा लागतो: जिंकलेल्या प्रांतात धर्मप्रसारक पाठवायचा की नाही. मी पाठवला नाही. प्रांत ट्रेड कंपनीला जोडला.

तो जोडण्याचा भाग नीट सांगते, कारण पूर्वेकडचा सगळा फायदा त्यात आहे. आशिया आणि आफ्रिकेत वसाहत-राज्यं तयार होत नाहीत. तिथले प्रांत ट्रेड कंपनीत टाकायचे. आधी प्रांत कोअर करून घ्या, म्हणजे राज्याचा पक्का भाग करून घ्या; त्याला प्रशासनाचे पॉइंट आणि वेळ दोन्ही लागतात, आणि तोवर अख्ख्या राज्यात असंतोष वाढतो. म्हणून एकामागून एक प्रांत गिळू नका. कंपनीत गेल्यावर त्या प्रांताची व्यापारातली ताकद वाढते, आणि एखाद्या व्यापारकेंद्रातली बरीचशी ताकद कंपनीकडे आली की एक जादा मर्चंट (व्यापार वळवणारा व्यापारी) मिळतो. व्यापार केंद्राकेंद्रांतून बाणांच्या दिशेने वाहतो: हिंदुस्थानचा माल केपकडे, केपहून आयव्हरी कोस्ट, तिथून सेव्हिल, आणि लिस्बन त्याच केंद्रात मोडतं. प्रत्येक टप्प्यावर मर्चंट आणि हलकी जहाजं ठेवून माल पुढे ढकलायचा. एक जरी टप्पा सुटला तर तिथे दुसरा कुणी तो वळवतो. १५५० नंतर माझं उत्पन्न यामुळेच तिप्पट झालं.

हे बाण गेममध्ये पक्के ठरलेले आहेत, उलटे करता येत नाहीत. लिस्बनची संपत्ती वाहून गोव्याला यावी अशी कोणतीही खेळी नाही. विजयनगर घेऊन खेळलात तरी नाही. यावर खेळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे आणि मी तिच्याशी सहमत आहे: घडून गेलेली गोष्ट गेमने नियम म्हणून बसवली आहे.

पुढची अडीचशे वर्षं भराभर गेली, तपशील देण्यासारखे थोडे. कॉलोनिअलिझम ही संस्था (गेममध्ये ‘संस्था’ म्हणजे एका ठिकाणी उगवून देशोदेशी पसरणारी नवी कल्पना) १५०० नंतर कुठेतरी उगवते. माझ्याकडे लिस्बनला उगवली, त्यामुळे तंत्रज्ञान स्वस्त झालं. १७७० नंतर ब्राझीलची स्वातंत्र्येच्छा ५० टक्क्यांवर गेली. त्या आकड्यानंतर वसाहत-राज्य दुसऱ्या बलाढ्य देशांचा पाठिंबा घेऊन युद्ध पुकारू शकतं. जकात कमी केली, आपली फौज वाढवली, संबंध सुधारायला वकील बसवला, तसा आकडा खाली आला. हे काम पन्नास टक्के होण्याआधी करा, नंतर महाग पडतं. खरा ब्राझील ७ सप्टेंबर १८२२ ला स्वतंत्र झाला, गेम संपल्यानंतर दीड-दोन वर्षांनी. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ ची वाट बघावी लागली.

आता विजयनगरचा डाव लावला आहे. तिथे अडचण उलटी आहे: कॉलोनिअलिझम युरोपातून पसरत यायला पिढ्या जातात आणि तोवर तंत्रज्ञान महागत राहतं. एकाच प्रांतात भरपूर पॉइंट ओतून त्याचा विकास केला तर ती संस्था तिथेच रुजवता येते. त्यासाठी शेतीची सुपीक जमीन निवडावी असं सांगतात, कारण तिथे विकास स्वस्त पडतो. मी गोव्यात ओतायचं म्हणते आहे, डोंगर आणि पाऊस असला तरी. कुणी किनाऱ्यावरच्या प्रांतात हे करून पाहिलं असेल तर किती पॉइंट लागले ते मला सांगा.